मुद्दाम न साठवलेलं

सानिकाचा फोन आला तेव्हा मी मिशिगनमधल्या नोव्हायच्या इंडियन ग्रोसरीत मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. सानिका म्हणजे माझ्या मैत्रिणीची, मृणालची मुलगी. "मावशी, कॅन यू सिट डाउन समव्हेअर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं दुकानात कुठे बसू, बोल तू. मग ती बोलली आणि मी खरोखरच समोरच्या तांदळाच्या पोत्यांवर बसले. मृणाल सकाळी ऑफिसला निघाली होती. बुटांची नाडी बांधायला वाकली ती उठलीच नाही... मेंदूत रक्तस्राव. इतक्या नीटनेटक्या बाईनं इतकं अर्धवट टाकून जावं, याचा मला आधी रागच आला. रडू आलं नाही. पुढेही बरेच दिवस आलं नाही, कारण तिच्या घरी डबे पोचवायचे होते, तिच्या नवऱ्याला, विनयला, दोन घास खायला लावायचे होते, तिच्या बहिणीला विमानतळावरून आणायचं होतं. आमच्यात कुणी गेलं की बायका आधी स्वयंपाकाला लागतात.

ती नागपूरची, मी पुण्याची, म्हणजे मैत्री व्हायचं तसं काही कारण नव्हतं. रविवारच्या मराठी शाळेत आम्ही शेजारशेजारच्या वर्गांत शिकवायचो. माझ्या वर्गात शांतता असायची आणि तिच्या वर्गातून हसण्याचे आवाज यायचे, त्यामुळे माझी मुलं सारखी दाराकडे बघायची. मी तक्रार केली तर म्हणाली, "मग तुम्ही पण या ना आमच्याकडे." झालं, तेव्हापासून चहा एकत्र. ती इथल्या एका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होती. गाडी कुठे उभी आहे हे फोनवर दाखवणारं, घरबसल्या गाडी सुरू करणारं, कुलूप लावणारं ॲप तिच्या टीमनं बनवलं होतं. तू गाड्यांची नणंद आहेस, सगळीकडे लक्ष, असं मी तिला चिडवायचे. तिला त्या कामाचा फार अभिमान होता आणि तो रास्तही होता. मिशिगनच्या हिवाळ्यात मॉलबाहेर सगळ्या गाड्या बर्फाखाली सारख्याच दिसतात. अशा वेळी फोनवरचं बटण दाबलं की आपली गाडी हॉर्न वाजवून ओळख देते. ही हॉर्नची कल्पना मृणालची. थंडीत ती कोट चढवेपर्यंत विनय स्वयंपाकघरातून तिची गाडी फोनवरून गरम करून ठेवायचा. तिच्या घरात ते ॲप असं वापरलं जायचं, आणि ते सगळीकडे असंच वापरलं जाईल असं ती धरून चालली होती.

एका गाडीला एकच मालक-खातं, आणि सगळं दिसणार ते त्या खात्याला, असं त्यांनी ठरवलं होतं. टीममध्ये कुणालाच ते खटकलं नाही, कारण निम्मी टीम आपलीच. आपल्याकडे व्हिसा नवऱ्याचा, म्हणून बँकेतली पत नवऱ्याची, म्हणून गाडी त्याच्या नावावर, फोनचा प्लॅन त्याच्या नावावर आणि बायकोच्या ईमेलचा पासवर्डही त्यालाच पाठ. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, सोय असते. चांगल्या घरांतल्या माणसांनी चांगल्या घरांसाठी ते ॲप केलं होतं, असं ती पुढे म्हणायची, आणि म्हणताना स्वतःवरच चिडायची.

तिला हे कळलं ते तिच्याच घरच्या हळदीकुंकवाला. बाहेर गुडघाभर बर्फ, आत पंचवीस-तीस बायका, नुसता कलकलाट. अश्विनी नावाची एक नवीन मुलगी आली होती, लग्न होऊन अमरावतीहून इथे आलेली. डिपेंडंट व्हिसा, त्यामुळे नोकरी करता येत नव्हती. जेवणाचं ताट हातात घेतलं तोच तिचा फोन वाजला आणि ती ताट तसंच ठेवून निघाली. मृणाल आग्रहाला पक्की, तिनं तिला आत स्वयंपाकघरात नेलं. मी तिथे पुऱ्या तळत होते. गाडी सांगितल्यापेक्षा जास्त वेळ इथे उभी आहे हे राहुलला, तिच्या नवऱ्याला, ऑफिसात बसून दिसत होतं. मृणाल म्हणाली, अगं मी बोलते त्याच्याशी. तर ती मुलगी घाबरून नको नको म्हणाली आणि मग खाली बघत हळूच बोलली, "लायब्ररीत जरा जास्त बसले ना काकू, की बाहेर आमची गाडी वाजायला लागते. मी बाहेर येईपर्यंत वाजत राहते. सगळे बघतात."

मृणालचा चेहरा मी कधी इतका उतरलेला पाहिला नव्हता. तिनं अश्विनीला तिळगूळ दिला, डबा बांधून दिला, गाडीपर्यंत सोडलं आणि परत येऊन बायकांना हसून वाणही वाटलं. सगळ्या गेल्यावर ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, तो हॉर्न माझा आहे.

त्यानंतर ती ज्या पद्धतीनं कामाला लागली ते बघणं हा एक अनुभव होता. रडत बसणं, स्वतःला दोष देत फिरणं तिच्या स्वभावात नव्हतं. चुकलंय ना, मग उसवा आणि पुन्हा शिवा. गाडी चालवणाऱ्या माणसाला ठिकाण दाखवणं बंद करता यावं, असा बदल तिनं पहिल्यांदा सुचवला आणि तो कंपनीला पटलाही. फक्त बंद केलं की मालकाला तसा मेसेज जाणार होता. ते घेऊन ती आधी अश्विनीकडे गेली, लायब्ररीतच, मराठी शाळेची पुस्तकं द्यायच्या निमित्तानं. ज्याला लागलंय त्याला विचारल्याशिवाय पट्टी करायची नाही, हा तिनं तेव्हा घालून घेतलेला नियम तिनं शेवटपर्यंत पाळला. अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बंद केलं हे त्यांना कळणार असेल, तर मग मी घरी कशी जाऊ?" मृणाल परत ऑफिसात गेली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तिथे वाद झाले. गाडी चोरीला गेली तर? सोळा वर्षांची पोरं बंद करून भटकली तर? तिचा साहेब म्हणाला, अशा बायका किती असतील, थोड्याच. त्यावर तिनं दिलेलं उत्तर तिनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की मला तोंडपाठ आहे. "ब्रेकसुद्धा थोड्याच गाड्यांचा बिघडतो. तेव्हा आपण सगळ्या गाड्या परत बोलावतो ना?" डेट्रॉइटसारख्या गाड्यांच्या गावाजवळ वाढलेल्या माणसाला हा हिशेब वेगळा समजवावा लागत नाही.

माझ्याशीही ती भांडली. माझा नवरा, दोन्ही मुलगे आणि मी, आम्ही चौघं आजही एकमेकांना फोनच्या नकाशावर दिसतो. मुलगा तिकडे टेक्सासमध्ये प्लेनोच्या हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलाय हे मला इथे भाजी फोडणीला टाकताना कळतं आणि मला ते आवडतं. मी म्हटलं, माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? ती म्हणाली, "तुझी माणसं बघतायत म्हणून तुला चालतंय. कोण बघतंय हे आम्हाला ऑफिसात बसून दिसत नाही, यार." मला तेव्हा ते पटलं नाही आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिनं खुशाल मला म्हातारी म्हटलं.

शेवटी तिच्या मनासारखं झालं. गाडी सुरू केली की समोरच्या पडद्यावर एक साधा प्रश्न येतो, या फेरीचं ठिकाण दाखवायचं का? नको म्हटलं तर ते कुठेही जात नाही आणि कुठेही साठवलं जात नाही. बाहेरून कुणाला हॉर्न वाजवता येत नाही. मालकाच्या फोनवर 'ठिकाण उपलब्ध नाही' एवढंच दिसतं, जे तळघरातल्या पार्किंगमध्येही दिसतं. चोरीसाठी पोलिसांकडून जायचा वेगळा रस्ता ठेवला. हिवाळ्याच्या आत जुन्या गाड्यांमध्येही ते आलं.

आणि पुढच्या वसंतात एका शनिवारी राहुल मृणालच्या दारात उभा राहिला. अश्विनी घर सोडून गेली होती. गाडी तिनं नेली नव्हती, लायब्ररीच्या पार्किंगमध्ये रेघांच्या मधोमध लावून किल्ली काउंटरवर ठेवली होती. मी तिथेच होते. मुलगा दिसायला सज्जन, बूट दारात नीट जोडीनं काढून ठेवले, काकू काकू करत सोफ्याच्या कडेवर बसला. डोळे सुजलेले होते. त्याला वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, तुम्ही तर तेच काम करता, मागच्या दोन महिन्यांत गाडी कुठे कुठे गेली तेवढं काढून द्या, म्हणजे ती कोणाकडे गेली ते कळेल.

मृणालनं त्याच्यापुढे चहा ठेवला. "मला ते काढता येत नाही, राहुल. कोणालाच येत नाही. ते साठवलेलंच नाही, आणि मुद्दाम साठवलेलं नाही."

त्यानं कप बाजूला सरकवला. मग उठून गेला. दार लावून मृणाल वळली आणि तिचा चेहरा... तो चेहरा मला कायम आठवेल. परीक्षेचा पेपर मनासारखा गेलेल्या मुलीचा असतो ना, तसा. अश्विनी कुठे आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिनं ते विचारलंही नव्हतं.

तेराव्यानंतर विनयकडे सगळे जमलो तेव्हा अश्विनी आली. ओहायोहून एकटी गाडी चालवत. आता तिला कामाचा परवाना मिळालाय, तिथे एका शाळेत शिकवते. मृणालच्या फोटोपाशी उभी राहिली, कुणाशी फारसं बोलली नाही, निघताना मला मिठी मारून गेली. कुठल्या गावी राहतेस हे विचारायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. नाही विचारलं.

मृणालची गाडी सध्या मी आठवड्यातून एकदा फिरवून आणते. उभी राहिली तर थंडीनं बॅटरी जाईल, म्हणून विनयनं किल्ली माझ्याकडे दिली आहे. पहिल्याच दिवशी गाडी सुरू केली आणि पडद्यावर तिचा प्रश्न आला. मी तो मोठ्यानं वाचला. मग 'नको' दाबलं, माझा फोनही बंद करून पर्समध्ये टाकला आणि गाडी काढली. गावाबाहेरच्या तळ्याकाठी नेऊन उभी केली. तळं गोठलेलं, आसपास चिटपाखरू नाही. मी कुठे आहे हे या पृथ्वीवर कुणालाही माहीत नव्हतं. तिथे बसून मी मृणालसाठी पहिल्यांदा रडले, मोठमोठ्यानं, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत, मनाचं समाधान होईपर्यंत. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कुठे होतीस इतका वेळ? मी म्हटलं, बाहेर.