मावळतीची ताटी

दारापुढच्या मांडवाच्या जागी आज पत्र्याचं शेड होतंय. कारागिरानं तुराट्यांची जुनी ताटी उपसली, तिच्यावर घागर लवंडली आणि तो ओला, कडवट वास आला.

तीस वर्षांमागं आई आजारी होती. तिची बाज मांडवात असायची. मावळतीकडून तापलेलं वारं माती घेऊन यायचं, म्हणून मी तिथं ताटी बांधत होतो.

"तिकडनं बंद नको करू," आई म्हणाली. "रस्ता दिसत न्हाई."

"धूळ लई हाय, आई."

लग्नावरून भांडून गेलेली माझी ताई त्याच रस्त्यानं परत येईल, अशी तिला आशा होती. मला ते ठाऊक होतं. तरी मी सुतळीची गाठ आवळली आणि ताटीवर पाणी मारलं.

"गार वाटतंय का?"

"वाटतंय," ती ताटीकडं बघत म्हणाली. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

आता माझा मुलगा पुण्यात असतो. दोन दिवाळ्या झाल्या, आला नाही.

"काका, मावळतीचा पत्रा ठोकू का?" कारागिरानं विचारलं.

"राहू दे."

"मातीनं भरून जाल की."

मी बाज ओढली आणि रस्त्याकडं तोंड करून बसलो.