बाबांनी पास केलेलं अ‍ॅप

माझ्या वडिलांच्या घरात शिरताना चपला दाराबाहेर काढायच्या आणि मोबाइल बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. चपलांचं एक वेळ चालतं, डब्याला माफी नाही. बाबांनी उभा जन्म खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढला, तोही तपासणी खात्यात. गेटवर काडेपेटी, तंबाखू, फोन सगळं जमा करून आत जायचं आणि आत जे चालतं ते बाहेर बोलायचं नाही. शाळेत असताना मी विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कारखान्यात काय बनवता हो?"

"पगार," बाबा म्हणाले.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावी लागली, तेव्हा फ्लॅट घेतला तोसुद्धा कारखान्याचा भोंगा ऐकू येईल अशा बेताने. तर अशा माणसासमोर मी व्हिडिओ कॉलची अ‍ॅपं दाखवायला बसले. हसा खुशाल. मलाही तेव्हा फार मजा वाटत होती.

कारण होतं धाकट्या बहिणीचं. ती परदेशात असते. तिचा नवरा संगणकातला. वाईट माणूस नाही, असं ती बरीच वर्षं म्हणायची, मग म्हणायची थांबली. तिचा फोन त्यानेच लावून दिलेला, त्यातले निरोप घरच्या लॅपटॉपवर त्याला दिसतात, आणि खातं दोघांचं एकत्र, त्यामुळे कुठे पैसे भरले की त्याला लगेच कळतं. तिला ते घर सोडून कायमचं इकडे यायचं होतं. त्यासाठी बाबांच्या तोंडून एक शब्द हवा होता. लग्न ठरवलं तेव्हा बाबा तिला "तुझा निर्णय" एवढंच म्हणाले होते आणि त्या दोन शब्दांवर ती इतकी वर्षं अडून बसली होती. म्हणून तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा जुना फोन, पार्किंगमध्ये उभी गाडी, तिकडची जेवणाची सुट्टी आणि एक फुकट, सुरक्षित अ‍ॅप, असा बेत ठरला. अ‍ॅप शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मी कोथरूडहून स्कूटर दामटत गेले. बाबांनी चष्मा लावला, खुर्ची सरळ केली. मुलाखत सुरू झाली.

"फुकट आहे?"

"हो."

"मग यांचा पगार कोण देतं?"

पहिलं अ‍ॅप तिथेच आडवं झालं, कारण उघडताक्षणी त्याने फोनमधली सगळी नावं मागितली. "माझ्या ओळखीपाळखीशी याला काय करायचंय? वधूवर सूचक मंडळ आहे का?" दुसऱ्यात लिंक मिळेल तो कुणीही आत येऊ शकत होता. "छान. मांडवच घाला ना मग." तिसऱ्याच्या अटींमध्ये लिहिलं होतं की आमची सेवा सुधारण्यासाठी तुमची माहिती वापरू. बाबांनी ती अट मला मोठ्याने वाचायला लावली आणि म्हणाले, "आपण बोलायचं आणि सुधारायचं यांनी?"

चौथं देणग्यांवर चालणारं. बोलणं दोन्ही टोकांना कुलूपबंद, मधल्या कुणाला ऐकता येत नाही, आणि मागे काहीही साठवून ठेवत नाही. शिवाय दोन्ही फोनवर एकच आकडे दिसतात ते पडताळून पाहायचे, म्हणजे समोरचं माणूस खरं. हे ऐकून बाबांचा चेहरा असा उजळला की आईच्या हातच्या पुरणपोळीलासुद्धा कधी उजळला नव्हता. चार दिवस ते अ‍ॅपमधलं एकेक बटण तपासत बसले. पाचव्या दिवशी फोन आला, "पास."

ठरलेल्या संध्याकाळी मी हजर. माझा फोन डब्यात. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. बहिणीने आकडे लिहून पाठवले, बाबांनी दोनदा ताडून पाहिले आणि मला म्हणाले, "तू आत जा."

"अहो बाबा, मीच तर..."

"ज्याचं काम नाही त्याने थांबायचं नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि अर्थातच दाराला कान लावला. ती खूप वेळ बोलत होती. आधी धीटपणे, मग तुटक तुटक. शेवटी म्हणाली, "बाबा, मी घरी येऊ का? कायमची?"

आणि बाबा म्हणाले, "ये. विचारायचं काय त्यात? खोली आहे तुझी."

मी ओट्याला टेकून रडले. खरंच रडले, बघायला कुणी नसतानासुद्धा! बाहेर ती म्हणत होती, "बाबा?" मग पुन्हा, "बाबा?" मग अगदी हळू, "बरं. कळलं." आणि शांतता.

मी बाहेर आले. बाबा फोनकडे बघत होते. "ये म्हणालो, तर बंदच केला."

"तिला दिसत होतात ना तुम्ही?"

"दिसायचं कशाला? बोलायचं होतं ना?" कॅमेऱ्यावर औषधाची चिकटपट्टी होती. मग कामावरच्या नव्या पोराला दाखवावं तसं त्यांनी मला दाखवलं, "कॉल लागला की आधी हे बंद करायचं, चित्राचं. मग हे, माइकचं. आतलं बाहेर जायला नको."

"बाबा, माइक बंद केल्यावर तुमचं तिला ऐकू कसं जाणार?"

त्यांनी ते बटण एकदा दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. "मला तिचं नीट ऐकू आलं," एवढंच म्हणाले.

पुन्हा लावला. लागला नाही. तिने मैत्रिणीचा फोन आतलं सगळं पुसून परत दिला होता. महिन्याभराने तोच फोन मागून घेऊन तिने मला कॉल केला, तेव्हा मी सगळं सांगितलं. दार, ओटा, बंद माइक, "ये", सगळं.

"ताई, सुरू झालीस पुन्हा?"

"अगं, शपथ!"

"आई जाताना माझंच नाव घेत होती, असंही तू शपथेवरच सांगितलं होतंस. बाबांना विचारलं मी नंतर. आई दोन दिवस शुद्धीवरच नव्हती." मग म्हणाली, "तू चांगलंच सांगतेस गं. बाबांना म्हणावं, त्यांनी सांगावं."

मी बाबांना म्हटलं. हात जोडले, आवाज चढवला, आईचा फोटोसुद्धा मध्ये आणला.

"एकदा म्हटलं तर बोलावणं," बाबा म्हणाले. "दोनदा म्हटलं तर हुकूम. मी तिला कधी हुकूम केला नाही."

आता दर रविवारी आपला नेहमीचा कॉल असतो, नेहमीच्या अ‍ॅपवर. ती सोफ्यावर, मागे जावई हात हलवत उभे. आता बाबांचा माइक चालू असतो, चिकटपट्टीही काढलेली असते. "हवा कशी आहे?" बाबा विचारतात. "छान," ती म्हणते. चौथं अ‍ॅप बाबांच्या फोनवर अजून आहे. उघडलं तर आत काही नाही. ते काही साठवत नाही, हाच त्याचा गुण.

ही गोष्ट मी चारचौघांत सांगते तेव्हा लोक पोट धरून हसतात. मी वधूवर मंडळ रंगवते, पुरणपोळीचं तर मी पदरचं घातलेलंच आहे. फक्त तो "ये" जसाच्या तसा ठेवते, बाबा म्हणाले तेवढाच, त्याच आवाजात. आणि दर वेळी कुणीतरी डोळे पुसत म्हणतं, "हे मात्र तू घातलंस हं."