टपावरचे मणी

मोतीशेठनी आपल्या दुकानात पेटीचं झाकण उघडलं. आत मणी नव्हते. लाल, हिरव्या, पिवळ्या लाखेचा एकच गोळा पेटीभर पसरून बसला होता.

साठच्या दशकात मी परंड्याच्या हस्तकला केंद्रात शिक्षिका होते. आमच्या बायका लाखेचे मणी करायच्या. लाख निखाऱ्यावर मऊ करायची, तीत शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची पूड आणि रंग मळायचा, पाटावर वळून कांडी करायची. कांडीचे तुकडे तळहातावर गोल फिरवायचे आणि तेलात बुडवलेल्या सुईनं भोक पाडायचं. पूड जास्त पडली की मणी टणक होतो, पण चमक जाते. आमचा माल घेणारे कुर्डुवाडीचे व्यापारी मोतीशेठ, त्यांना चमक हवी होती. म्हणून मी पूड कमी घातली आणि भर वैशाखात पेटी एसटीच्या टपावर चढवली. एवढी अक्कल पाजळल्यावर दुसरं काय होणार?

शेठनी माल पसंत केला तरच केंद्र चालणार होतं. नाहीतर गाशा गुंडाळायचा, असं आमचे व्यवस्थापक जोशीसाहेब बजावून गेले होते. मला रडूच येत होतं. सोबत आलेल्या अमीनाबी मात्र मुकाट्यानं शेठच्या घरातून शेगडी मागून आणायला गेल्या. त्या आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या.

दुकानाच्या ओट्यावर बसून आम्ही गोळ्याचे तुकडे शेकले आणि पुन्हा मणी वळले. रंग वेगळे काढणं शक्यच नव्हतं. पण प्रत्येक मण्यावर बारीक रेघा उमटल्या, लाल रेघेशेजारी हिरवी, हिरवीशेजारी पिवळी. शेठाणी शेगडी न्यायला आल्या आणि मणी घेऊन आत गेल्या. ते पाहून शेठचा विचार बदलला. असाच माल वर्षभर लागेल म्हणाले.

परंड्यात आम्ही पेढे वाटले. मग कामाला बसलो आणि तोंडचं पाणी पळालं. रंग एकत्र मळले की मातकट व्हायचे, कमी मळले की ठिगळं दिसायची. तशी रेघ काही केल्या येईना. बायका एकमेकींवर करवादायला लागल्या.

शेवटी अमीनाबी म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी जे झालं तेच करू की. पेटी टपावर टाकू."

जोशीसाहेबांनी कपाळाला हात लावला. सरकारी माल मुद्दाम वितळवायचा, हे त्यांना पटेना. पण दुसरा उपायही नव्हता. कुर्डुवाडीच्या एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, "पेटीसंगं कोण येणार?"

"कुणी न्हाय," अमीनाबी म्हणाल्या. "ती एकटीच जाऊन येती."

संध्याकाळी पेटी परत आली. सगळ्या बायका स्टँडवर हजर. मी झाकण उघडलं. मणी जसेच्या तसे, गोल, सुटे, एकालाही धक्का नाही. आमचे चेहरे पडलेले पाहून स्टँडवरच्या माणसांना काही कळेना.

जोशीसाहेब मागं उभे होते. हळूच म्हणाले, "मी वर ओलं पोतं टाकायला सांगितलं होतं. म्हटलं, माल खराब व्हायला नको."

अमीनाबींनी त्यांच्याकडं बघितलं. "साहेब, तुम्ही लई चांगले हाव. पण उद्या स्टँडवर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी पेटी बिनपोत्याची गेली आणि छान गोळा होऊन आली. मला इतका आनंद झाला की मी पेटी छातीशी धरूनच केंद्रात आणली. केंद्र चालू राहिलं. ते रेघांचे मणी फक्त उन्हाळ्यात मिळायचे. हिवाळ्यात शेठ तगादा लावायचे, आम्ही भाव वाढवायला माल दाबून ठेवतो असं त्यांना वाटायचं.

पाहायला येणारे अधिकारी विचारायचे, या रेघा कोणत्या यंत्रावर काढता? मी स्टँडकडं बोट दाखवायची. या धंद्यात मी एवढंच शिकले, की चुकून जमलेली गोष्ट पुन्हा हवी असेल तर चूक जशीच्या तशी करावी. तिच्यात सुधारणा करू नये.