अंड्यांचा तवा

आमच्या स्वयंपाकघरात कधी अंडे शिजले नव्हते. अमरावतीच्या त्या घरात अंडी खाल्ली जात, पण गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, वेगळ्या स्टोव्हवर आणि वेगळ्या तव्यावर. हिवाळ्यात वडील आणि मी तिथे ऑम्लेट करून उभ्याउभ्याच खायचो, तवा तिथल्याच नळाखाली घासायचो आणि चूळ भरून खाली यायचो. आईने या नियमाला धर्माचे वगैरे नाव कधी दिले नाही. “माह्या ओट्यावर नाई,” एवढेच तिचे म्हणणे असे, आणि तेवढे पुरे होते.

त्यामुळे तो तवा घासूनपुसून आमच्या ओट्यावर, भाकरीच्या तव्याला टेकवून ठेवलेला दिसला, तेव्हा मी दारातच थांबले.

“रोज सकाळी कुठं गच्चीवर चढशीन?” आई पाठमोरीच म्हणाली. “सोमवारपासून मीच करून देत जाईन. तू फक्त सांग, किती अन् कसे.”

मी भावनांचे प्रदर्शन करणाऱ्यांपैकी नाही. तरीही त्या दिवशी कामावर जाताना नांदगाव पेठेच्या बसमध्ये बसल्यावर मला रुमाल काढावा लागला.

सोमवारपासून मी कमी कर्बोदकांचा आहार सुरू करणार होते. वजन कमी करायचे होतेच. पण निर्णयामागचे कारण रक्ताचा रिपोर्ट हे होते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा माझा आकडा सीमारेषेवर येऊन टेकला होता. वडील अनेक वर्षे इन्शुलिन घेतात. ती सुई मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि तिच्याकडे नेणारी वाट कशी असते हे शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला ठाऊक आहे. डॉक्टरांशी बोलून, वाचून, पडताळून मी आराखडा केला. रिपोर्ट जेवणाच्या टेबलावर पसरून आईला एकेक ओळ समजावली. ती लक्षपूर्वक मान हलवत होती.

त्यानंतर तिने जी तयारी चालवली, तिने मी थक्क झाले. चिन्नोर तांदळाचा डबा तिने शेजारी देऊन टाकला आणि वडिलांपुरते तांदूळ वरच्या फळीवर ठेवले. जवस भाजून चटणी कुटली. फुलकोबी किसून तिचा भातासारखा प्रकार करायला शिकली. पहिल्यांदा त्याचा लगदा झाला, तेव्हा स्वतःच हसली. “याले भात म्हणणं म्हणजे भाताचा अपमान हाय,” वडील म्हणाले. आईने त्यांना डोळ्यांनीच गप्प केले. शेंगदाणे मोजून खायचे, हे वऱ्हाडात कोणाला पटवणे सोपे नाही. तिने ते विनातक्रार मान्य केले. या घरात माझ्या शिक्षणाचे कौतुक होते, पण माझ्या शब्दाला वजन आले आहे असे मला पहिल्यांदाच वाटले.

शनिवारी मला कंपनीच्या कामाने अकोल्याला जायचे होते. मावशी तिथेच राहते. तिच्या ओळखीच्या घाण्यावरून तेल आणावे असे मी ठरवले.

“मावशीकडं कायले जातं?” आई म्हणाली. “उन्हाचं थकशीन. तेल मी मागवून घेतो.”

मला ती काळजी वाटली.

मावशीने दार उघडले आणि पाणीही न देता मला थेट आतल्या खोलीत नेले. “बरी आली बाई! मी आजच फोन करणार होतो. घालून पाह्य.” तिने कपाटातून एक ब्लाउज काढला. मोरपंखी, काठाला जर, नवा कोरा. मी तो अंगाला लावून पाहिला. माझ्या दंडाचे माप असे नव्हते. निदान कॉलेज सोडल्यापासून नव्हते.

“कोणाचा आहे?”

“कोणाचा म्हणजे? तुहा! साखरपुड्याचा. साडी पोरावाल्यायनंच घेतली, ब्लाउज माह्याकडे टाकला शिवाले. तुह्या मायनं माप धाडलं होतं ना.”

मापाचा ब्लाउज तिथेच घडी करून ठेवलेला होता. शेवटच्या वर्षाच्या निरोप समारंभात मी घातलेला, लिंबू रंगाचा. तो मी विसरूनही गेले होते.

दिवाळीनंतर अकोल्याचे एक स्थळ मला पाहून गेले होते. मुलगा शांत होता, त्याची आई बोलकी. दोन आठवड्यांनी आईने सांगितले, “त्यायचं काई उत्तर नाई आलं.” मला मनापासून हायसे वाटले होते. मी पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत होते. नकार द्यायचे कष्ट वाचले, असे मी मानले.

मी ब्लाउज उलटा केला. आपल्याकडे कोणताही शिंपी बगलेच्या शिलाईत बोटभर कापड दाबून ठेवतो, पुढे सैल करता यावा म्हणून. इथे कापड शिलाईलगत कापलेले होते.

मावशी हसली. “ते तुह्या मायचंच सांगणं. म्हणे, आत कापड ठेवूच नका. ठेवलं की पोरगी उसवते अन् जेवते.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हसू थांबले. “काहून? तुले सांगितलं नाई का?”

मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते. ग्राहक कापडाचा एक तुकडा पाठवतो, आणि आमचा माल त्या तुकड्याशी जुळेपर्यंत आम्ही त्यात फेरफार करत राहतो. मालाला कोणी विचारत नाही. तेलाची बाटली न घेताच मी निघाले. ब्लाउज मात्र घेतला.

घरी आल्यावर मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, रिपोर्ट पसरला होता त्याच जागी.

आईने त्याला हात लावला नाही. “मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाई,” ती म्हणाली.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू ऐकलं असतं का?”

“मी तर आधीच करत होते, आई. माझं मी ठरवलं होतं.”

“तेच तं म्हणतो मी. तू करूनच राहिली होती. मंग माह्यानं काय बिघडलं?”

युक्तिवाद बिनचूक होता. मी त्यातली फट शोधत राहिले आणि शेवटी एवढेच विचारले, “माझा रिपोर्ट तुला आठवतो का? त्यात काय होतं?”

“कोणता रिपोर्ट?” आई म्हणाली.

ती खोटे बोलत नव्हती. तिला खरेच आठवत नव्हते. मी वडिलांकडे पाहिले. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “मले वाटलं, तुले माहीत हाय,” ते म्हणाले, आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागले.

मुलाच्या आईचा नंबर मी मावशीकडून मिळवला. मावशी काकुळतीला आली, “असा नाट नको लावू बाई.” मी फोन लावला आणि विचारले की वजनाची अट त्यांची होती का.

“अट?” त्या बाई खरोखर गोंधळल्या. “आमी कायले अट घालू, बेटा? आमाले तं तू होती तशीच पसंत होती. तुही आईच म्हणे, पोरगी बारीक होऊन राहिली, साखरपुड्यापर्यंत ओळखू येणार नाई. आमी म्हटलं, बरं.”

यानंतर बोलण्यासारखे फारसे उरले नव्हते. त्यांचा काही दोष नाही, पण या लग्नाला माझा होकार कधी विचारलाच गेला नव्हता आणि तो नाही, हे मी शक्य तितक्या सभ्यपणे सांगितले. “आधी सांगितलं असतं तं साडी नसती घेतली ना बाई,” त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. त्या साडीबद्दल मला अजूनही वाईट वाटते.

रविवारभर आई माझ्याशी बोलली नाही. वडिलांना वाढताना तिने वरच्या फळीवरचा तांदळाचा डबा खाली काढला आणि तो खालीच राहू दिला. फुलकोबी फ्रीजमध्ये तशीच होती. मी मनाशी म्हणत राहिले की कारण कोणाचे का असेना, आहार तोच आहे, साखर तीच आहे, रक्तही माझेच आहे. सोमवार बदलण्याचे काही कारण नाही. मावशीच्या घरी पाहिलेल्या त्या लिंबू रंगाच्या ब्लाउजचा विचार मात्र थांबत नव्हता. माझ्याच शरीराचा एक जुना नमुना तिने जपून ठेवला होता, आणि मी समोर बसले असताना ती त्याच्याकडे पाहत होती.

सोमवारी पहाटे स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. ओट्यावर भाकरीचा तवा होता. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, ओल्या फडक्याने पुसून घेतलेली.

“तवा कुठे आहे?”

“त्याच्या जागी,” आई म्हणाली.

मी अंडी, मीठ आणि काडेपेटी घेतली आणि गच्चीचा जिना चढू लागले.