बॅकअप यशस्वी!

वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाकडे दोन ढीग साठतात. एक छापलेल्या अंकांचा. तो रद्दीत जातो. दुसरा, छापता न आलेल्या गोष्टींचा. तो चहाच्या टपरीवर कितीही उपसला तरी कमी होत नाही. माझ्या या दुसऱ्या ढिगात ‘बॅकअप’ नावाच्या एका प्रकरणानं अलीकडे इतकी भर घातली आहे, की आज तेवढंच सांगून मोकळा होतो. तीस वर्षं मी ठेकेदार, पुढारी आणि साहेबांशी भांडलो. एका यंत्राशी भांडायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं!

आधी भानगड काय ते ऐका. निपाणीजवळच्या एका गावाचं तळं एक ठेकेदार भराव टाकून बुजवत होता. मी बातमी केली. त्यानं बेळगावच्या कोर्टात माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. म्हणे, “मला साधा फोनसुद्धा न करता एकतर्फी छापलं!” मी फोन केला होता. बोलणं रेकॉर्डही केलं होतं. माझा तो मोबाइल पुढं निपाणीच्या बसमध्ये राहिला तो गेलाच. पण रेकॉर्डिंग मी बातमीसोबत खडेबाजारातल्या आमच्या कचेरीच्या सर्व्हरवर चढवलं होतं. जगात तेवढी एकच प्रत, आणि तीस वर्षांत कमावलेलं नाव त्या एका प्रतीवर!

म्हणून मी महांतेशच्या मानगुटीवर बसलो.

* * *

महांतेश हा आमचा कॉम्प्युटर सांभाळणारा. बैलहोंगलकडचा. घरी कन्नड, कचेरीत मराठी, आणि सर्व्हर अडला की दोन्ही एकदम.

“डेटाबेसचा बॅकअप घेतोस ना?” मी विचारलं.

“घेतो की, अण्णा. आठवण झाली की घेतो.”

“शेवटचा कधी घेतलास?”

“गणपतीत.”

“कुठल्या गणपतीत?”

महांतेश छताकडे बघू लागला. अंकाची पानं लावणाऱ्या सुनंदाआक्का पलीकडून म्हणाल्या, “आठवू दे त्याला. तेवढ्यात पुढचा गणपती येतोय!”

* * *

त्याच दिवशी त्यानं स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली हुकमांची यादी. सगळ्या मिळून अकरा ओळी. रोज रात्री दोनला यंत्रानं आपणहून उठायचं, सगळ्या डेटाबेसची प्रत काढायची, दुसऱ्या डिस्कवर ठेवायची. माणसाचा हात लागायला नको.

महिन्याभरानं बघितलं, तर प्रत एकही नाही!

मी टेबलावर हात आपटला. “एवढी साधी गोष्ट जमत न्हाय? कुणाचा हलगर्जीपणा हाय हा? नाव सांग मला!”

महांतेश मान खाली घालून म्हणाला, “अण्णा, रात्री मेन स्विच बंद असतोय.”

हे खरं होतं. फार वर्षांपूर्वी शॉर्टसर्किट होऊन कागदाची रिळं जळली, तेव्हापासून कचेरीतून शेवटी निघणाऱ्यानं मेन स्विच पाडायचा असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

“मग तो पाडणारा कोण, त्याचं नाव सांग!”

सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती. शेवटी निघणारा रोज मीच असतो.

* * *

वेळ बदलून दुपारी एकची केली. तर आमचे संपादक आप्पा पंचांग घेऊन हजर.

“बुधवारी बारा ते दीड राहूकाळ हाय. त्या वेळात नवीन काम नको.”

महांतेश म्हणाला, “आप्पा, हे रोजचंच काम हाय. नवीन कुठलं?”

“फाइल रोज नवी होते का न्हाय?”

“होते.”

“मग नवीनच की!”

महांतेशनं निमूटपणे बुधवारसाठी अकरा वाजताची वेगळी ओळ घातली. सर्व्हरला राहूकाळ पाळायला लावणारं दुसरं वर्तमानपत्र असेल तर मला कळवा! मी मात्र उसळलो. “आप्पा, गेल्याच महिन्यात तुम्ही अंधश्रद्धेवर अग्रलेख लिहिला की हो!”

आप्पा शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, “तो पण वेळ बघूनच लिहायला घेतला होता.”

* * *

त्यानंतर रोज एकच्या ठोक्याला, बुधवारी तेवढं अकराला, आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप यायला लागला : ‘बॅकअप यशस्वी’, आणि पुढं कसलासा आकडा. दावा लागल्यापासून मला झोप नव्हती, एका जागी बसवत नव्हतं. साडेबारापासून मी मोबाइल हातात घेऊन येरझाऱ्या घालायचा. निरोप आला की जेवायचा. आप्पा त्या निरोपाला रोज ‘अभिनंदन’ असं उत्तर पाठवायचे.

एका गुरुवारी सुनंदाआक्का म्हणाल्या, “महांतेश, निरोपात शेवटी शून्य कसलं येतंय रं? लई दिवस बघतोय मी.”

महांतेशचा चेहरा पडला. ते शून्य म्हणजे फाइलचा आकार. डेटाबेसचा पासवर्ड दहा दिवसांपूर्वी बदलला होता, स्क्रिप्टमध्ये मात्र जुनाच राहिला होता. तेव्हापासून रोज रिकामी फाइल तयार होत होती.

“मग यशस्वी कसं म्हणतंय?”

“शेवटची ओळच तशी हाय, अण्णा. ‘यशस्वी’ लिही, पुढं आकार जोड आणि पाठव म्हणून. आधी काय झालं ते ती बघत न्हाय.”

“म्हणजे काहीही होवो, यशस्वीच?”

“हौद्री, व्हय.”

“अरे, मग ही स्क्रिप्ट न्हाय, सरकारी प्रेसनोट हाय!”

* * *

हसू नका, पुढं ऐका. स्क्रिप्टची दहावी ओळ होती, सात दिवसांपेक्षा जुन्या फायली पुसून टाक. ती ओळ तेवढी इमानेइतबारे चालली होती! चांगल्या फायली एकेक करून तिनं झाडून काढल्या. उरल्या सात, आणि सातही रिकाम्या.

“घाबरू नका, मूळ डेटा सर्व्हरवर हाय. आत्ता प्रत काढतो,” म्हणून महांतेश खुर्चीत बसला आणि सर्व्हरमधून टक टक आवाज यायला लागला. दहा मिनिटांत मूळ डिस्क गेली. सोमवारी माझी तारीख!

दुरुस्तीवाला म्हणाला, पंधरा दिवस लागतील, तरी खात्री नाही. शुक्रवार, शनिवार मी कचेरीभर फिरत होतो. बसलो की उठायचा, उठलो की जिना उतरायचा, उतरलो की परत चढायचा. आक्का म्हणाल्या, “अण्णा, फरशी झिजली. आता तरी टेका.”

शनिवारी दुपारी महांतेश जवळ आला. “अण्णा, एक चांगली बातमी हाय. स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ती खोटं बोलत न्हाय.”

एक वाजला. मोबाइल वाजला : ‘बॅकअप अयशस्वी’.

आप्पांनी सवयीनं ‘अभिनंदन’ पाठवलं.

* * *

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही तिघं. मी, टिळकवाडीतल्या माझ्या वकीलबाई, आणि पिशवीत मेलेली डिस्क घेऊन महांतेश. डिस्क दाखवायची आणि मुदत मागायची, एवढंच हातात होतं. “मुदत मिळेल. पण रेकॉर्डिंग नसेल तर पुढं अवघड आहे,” बाईंनी स्पष्ट सांगितलं. “आज तोंड बंद ठेवा.”

तेवढ्यात ठेकेदार आपल्या वकिलाबरोबर आला. मला बघितलं आणि थेट अंगावरच आला.

“काय ओ पत्रकार, लई माज आलता न्हाय का? न्हाय बोलायचं म्हटलं तरी धा-धा वेळा तेच! भराव कुणाचा, परवानगी कुणाची, ट्रक कुणाचे! माणसाला जेवू द्याल का न्हाय? ताटावरनं उठवलंत मला!”

त्याचा वकील त्याची बाही ओढत होता. बाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. पण तीस वर्षांची जीभ, ती कशी गप्प बसणार?

“पुरावा काय?” मी ओरडलो.

“पुरावा?” ठेकेदारानं खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्या व्हरांड्याला दिसेल असा उंच धरला. “तुमचा सगळा फोन रेकॉर्ड हाय हेच्यात! पहिल्या ‘नमस्कार’पासनं!”

त्याच्या वकिलानं बाही सोडली आणि डोळे मिटले. वकीलबाईंनी पेन काढलं.

महांतेश मात्र डिस्कची पिशवी छातीशी धरून एक पाऊल पुढं गेला. “साहेब,” त्यानं अगदी मनापासून विचारलं, “इतक्या दिवसांचं जपून कसं ठेवलंत ओ?”

“मी काय बी करत न्हाय,” ठेकेदार म्हणाला. “थोरल्या लेकीनं सेटिंग करून दिलंय. सगळं आपोआप होतंय!”