धुण्याचा दगड

गडाच्या ढासळलेल्या पायऱ्या पुन्हा बसवणारा एक गडी रविवारी उतरताना पायथ्याच्या आमच्या अंगणात चहाला थांबतो. खुर्ची दिली तरी धुण्याच्या दगडावरच बसतो आणि बोलता बोलता त्यावरच्या छिन्नीच्या खुणा बोटांनी चाचपतो. मला धडकी भरते. नवी नवरी असताना गडाची ही पायरी धुण्यासाठी मीच हट्टानं नवऱ्याच्या खांद्यावरून खाली आणवली होती. काय तो माझा तोरा!

परवा त्यानं सुतळी काढून दगड मोजला.

"ने बाबा. चोर मीच," मी म्हटलं.

"गप बसा, आजी."

आता पायरी जागेवर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती दाखवतो. "ह्यो दगड आमच्या आजीनं लई वर्सं जपला. रोज साबणानं धुवायची!"