शिक्षा : पाच वर्षे

शकुनताईंचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडाला पदर लावून हसले होते. म्हणाल्या, "बस गं, आधी पाणी खा." घर मराठी, पण जन्म इथल्या भवानीपूरचा, चाळीस वर्षं बंगाली शाळेत शिकवलेलं, बंगाल्यांसारखं त्याही पाणी खातात! मी पुण्याची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे कोलकात्यात आलेली. तोरा होताच मला.

तो उतरला मोमेनामुळे. मोमेना माझ्याकडे स्वयंपाकाला येते, सियालदह स्टेशनला लोकलमधून उतरून; मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणते. तिचा नवरा सिराजुल आपल्या महाराष्ट्रात गवंडीकाम करतो. बांगलादेशी समजून त्याला पोलिसांनी उचललं होतं आणि शुक्रवारी सीमेकडे रवानगी होती. नोटीस मराठीत, तिच्यात त्याचा जबाब आणि खाली त्याची बंगाली सही. सोबतच्या गवंड्यानं नोटिशीचा फोटो धाडला होता. मंगळवारी मोमेना म्हणाली, "बौदी, तुमचीच भाषा ना? वाचा."

वाचलं. 'यापूर्वी शिक्षा झाली आहे काय? होय. पाच वर्षे.'

कैदी निघाला की हा! खोटं कशाला सांगू, नसती भानगड नको असंच मनात आलं. तरी मोमेनाला घेऊन शकुनताईंकडे गेले.

त्यांनी ती ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. "अगं वेडे, बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण! त्याला वाटलं, शाळा विचारतायत. पाचवीपर्यंत शिकलाय तो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बायको शेजारी उभी असताना मी तिच्या नवऱ्याला मनातल्या मनात तुरुंगात घालून मोकळी झाले होते.

शेवटची ओळ तर कहर होती: 'मजकूर समजेल अशा भाषेत वाचून दाखवला.' ताई अशा भडकल्या! "कुणाला समजेल? चोरालासुद्धा आधी आरोप सांगतात, बाई!" तिथेच बसून त्यांनी अर्ज लिहिला. चूक काय झाली ते, सोबत सिराजुलचा गावच्या शाळेचा दाखला आणि मागणी एकच: त्याला बंगालीत पुन्हा विचारा, मग काय ते ठरवा. ताईंचा भाचा हेमंत तिकडे वकील आहे, त्यानं तो पोलिसांत नेऊन दिला.

गुरुवारी दुपारी ताईंना फोन आला, आम्ही दोघी शेजारीच होतो. तिथल्या पोलीस साहेबांनी सिराजुलला समोर बसवलं होतं. दुभाषी म्हणून फोनवर ताई. पण घाईत साहेबांनीच विचारलं, "शिक्षा?"

"ना साहेब, ना! शाळेत कधी गेलोच नाही!" सिराजुल बंगालीत ओरडला. 'शिक्षा' या शब्दानं घात केला, एवढंच बिचाऱ्याच्या कानावर गेलं होतं.

त्याच्या बंगालीतल्या 'इस्कूल' आणि 'ना'वरून साहेबांना ते बरोबर कळलं. "मग हा दाखला कुणाचा?"

मोमेनानं माझा हात घट्ट धरला. तो दाखला सोडला तर सिराजुल इथलाच असल्याचा दुसरा पुरावाच नव्हता.

"थांबा, प्रश्न मी सांगते," म्हणत ताईंनी बंगालीत सावकाश विचारलं. पलीकडून हळूच, "दिदीमोनी, शिकलोय म्हणू की नको?"

बंगाली शाळेत पोरं बाईंना अशीच हाक मारतात. "म्हण रे," ताई म्हणाल्या. "पाचवी पास. मोठ्यानं म्हण."

त्यानं म्हटलं. शुक्रवारच्या यादीतून नाव निघालं, सुनावणीची तारीख मिळाली. त्या तारखेची नोटीस बंगालीत आली. मला त्यातलं अक्षर कळेना, तेव्हा मोमेनानं ती मला वाचून दाखवली.